महेश्वरी साडी, थेट मागावरून: घ्यावी का, आणि कशी पारखावी

आधी निकाल सांगते, मग कारणं. मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या महेश्वरात विणकराच्या घरी, मागाशेजारी सतरंजीवर बसून घेतलेली रेशीम-सुती साडी ही आज माझ्या कपाटातली सगळ्यात जास्त नेसली जाणारी साडी आहे. साडेचार हजार रुपये दिले होते. भर वैशाखातल्या मुंजीत नेसले, पेन्शनच्या कामाला बँकेत नेसले, रात्रीच्या रेल्वे प्रवासातही नेसले. इतक्या धुण्यांनंतर काठ आक्रसलेला नाही आणि पदर लोंबत नाही. पाचापैकी पाच तारे, नि:शंक. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी थेट शेवटचं धुण्याचं वाचावं. पण ही साडी ज्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावर विकली जाते, त्यांच्याबद्दल दुकानादुकानांत जे सांगितलं जातं ते फार अपुरं आहे. त्यामुळे थोडं लांबवर लिहिते आहे.

मी इंदूरची. नोकरी सगळी कोषागारात गेली. त्यामुळे एखादी गोष्ट कशी उभी राहिली हे विचारताना मी पहिल्यांदा पैसा कुठून आला ते पाहते.

साडीपासून सुरू करू. अस्सल महेश्वरीत ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा असतो. पूर्वी सगळीच सुती असायची, अतिशय बारीक सुताची, आणि लांबीला नऊवारी. आमच्या आजीच्या पिढीत 'महेश्वरी लुगडं' म्हणजे तेच. रेशमाचा ताणा नंतर आला आणि त्यानं साडी हलकी झाली, शिवाय एक मंद चकाकी आली. उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. नेसायला पहिल्या दोन-तीन वेळा जरा निसटती वाटते, मग निऱ्या बसतात. फिक्या रंगाला परकर चांगला जाड हवा, कारण कापड तलम आहे. हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

काठ हे तिचं खरं वैभव. दोन्ही बाजूंनी नेसता येतो. याला तिकडे बुगडी म्हणतात. उलट बाजू पाहा, सुटे धागे लोंबताना दिसणार नाहीत. काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांतून उचललेली: चटई, वीट, हिरा, कापसाचं फूल (रुई-फूल), आणि घाटाला लागणारी नर्मदेची लहर. घाटावर उभं राहून आधी किल्ल्याची भिंत नीट पाहा आणि मग साडी बघायला जा, काठ ओळखू यायला लागतो. पदरावर पाच आडवे पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. अंग जुन्या पद्धतीत साधं, नाहीतर बारीक चौकडा किंवा रेघा. अंगभर बुट्टी ही बाजारानं लादलेली गोष्ट आहे आणि माझ्या मते त्यानं साडीचा तोल जातो. काठ एवढा बोलका असताना अंगानं गप्प राहावं. साधं अंग मागा. दुकानदार बुट्टीचीच पुढे सरकवेल, तरीही साधंच मागा.

आता बाईंबद्दल.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली आणि तेव्हापासून साडीच्या खोक्यावर त्यांचं चित्र आलं आहे: पांढरं वस्त्र, हातावर शिवलिंग. नाव पुण्यश्लोक, देवी, मातोश्री. ही भक्ती खरी आहे. महेश्वरच्या राजवाड्यात आजही रोज सकाळी मातीच्या शिवलिंगांची पूजा चालते, ती परंपरा त्यांच्यापासूनची आहे, आणि ती पाहताना मलाही गहिवरून येतं. पण खोक्यावरचं चित्र पाहून असं वाटतं की एक विधवा बाई देवपूजा करत बसली आणि तिच्या पुण्याईनं आपोआप घाट बांधले गेले, माग चालू लागले. असं काही आपोआप होत नसतं. त्यामागे पैशाची व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था बाईच्या नावावर होती.

तिचं नाव खासगी. होळकरांच्या कारभारात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलतीत फौज, मोहिमा, खंडण्या. खासगीत राणीच्या नावे तोडून दिलेल्या परगण्यांचं आणि गावांचं उत्पन्न. ही खासगी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून करून घेतली गेली. गौतमाबाईंचं नाव घाटावरचा कुठलाही गाईड घेत नाही. वेरूळचं घृष्णेश्वराचं देऊळ या सासूबाईंनी बांधवून घेतलं. १७६१ मध्ये त्या गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. सून गादीवर बसायच्या आधीच तिच्या हातात स्वतःचं उत्पन्न होतं, स्वतःचे कारकून होते आणि वसुली कशी करायची याची सवय होती.

कोषागारातल्या माणसाला यापुढचं सगळं उलगडत जातं. काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० चं, सोमनाथचं १७८३ चं. त्याशिवाय गयेचं विष्णुपद, काशीचे आणि हरिद्वारचे घाट, ठिकठिकाणच्या विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. यातली बहुतेक ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच. जिथे आपली सत्ता नाही तिथे एक राणी देऊळ बांधते, कारण तिला कुणाच्या फौजेची गरज नाही. तिच्याकडे रोख आहे आणि तो कुठे खर्चायचा हे ठरवणारं दुसरं कुणी नाही. दौलतीच्या खजिन्यातून ती हे करू शकली नसती. तिथे प्रत्येक रुपयावर पुण्याचा डोळा होता आणि फौजेचा हक्क होता.

तो डोळा १७६७ मध्ये उघड झाला. पती खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरच्या वेढ्यात गेले होते, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला गेले आणि मुलगा मालेराव गादीवर आल्यावर वर्षभरातच वारला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार त्यांच्याकडे सोपवावा. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनी शिंद्यांना, भोसल्यांना, गायकवाडांना पत्रं लिहिली, होळकरांचे सरदार तुकोजीराव यांना फौजेसह नदीकाठी उभं केलं आणि पुण्यात माधवराव पेशव्यांकडून आपला हक्क मान्य करून घेतला. बायकांशी लढून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असा निरोप त्यांनी दादांना धाडला, असं आमच्याकडे घराघरांत सांगतात. मला त्या निरोपापेक्षा त्या पत्रांचं मोल जास्त वाटतं. कुणाला, कुठल्या क्रमानं, काय लिहायचं हे ऐन दुखवट्यात ज्या बाईला सुचतं ती बाई आधीपासून तयार झालेली असते. मल्हाररावांची १७६५ ची पत्रं आहेत, त्यांत ते सुनेला तोफा घेऊन ग्वाल्हेरकडे जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज ठेवायला सांगतात, वाटेवर चौक्या बसवायला सांगतात. सासऱ्यानं सुनेला तोफखान्याची कामं सांगावीत, १८व्या शतकात. हे चित्र खोक्यावर का नाही?

हे सगळं मी साडी घेताना बोलूनही दाखवलं. विणकराच्या घरातल्या म्हाताऱ्या अम्मा ऐकत होत्या, कांड्या भरत. त्या म्हणाल्या, "माँसाबनं आमच्या लोकांना घरं दिली, काम दिलं. नुसता आशीर्वाद देऊन माणूस गावात राहतो का?" गावात सगळेच सांगतात की बाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना आणि सग्यासोयऱ्यांना द्यायच्या आहेरासाठी. कुणी बुऱ्हाणपूर म्हणतं, कुणी सुरत, कुणी आणखी दक्षिणेचं नाव घेतं. मला अम्मांचं वाक्य पटलं. घरं आणि काम. राजधानी इंदुरातून महेश्वरला आणली की राजधानीला लागणारं सगळं आणावं लागतं: शास्त्री, गवंडी, कारकून, आणि विणकरही. रस्त्यांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. भिल्लांना वाटसरूंकडून ठरावीक पट्टी घ्यायचा हक्क दिला, तिला भिलकवडी म्हणत, आणि बदल्यात रस्ता राखायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. माल सुखरूप पोचला तरच मागावर सूत चढतं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी बाईंच्या निधनानंतर दोन-अडीच दशकांनी माळव्यात आला आणि त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारून त्यानं लिहून ठेवलं. तो सांगतो, वैधव्यानंतर बाईंनी रंगीत वस्त्र कधी नेसलं नाही. ज्यांच्या गावात हे काठ आणि हे रंग विणले गेले त्या स्वतः पांढऱ्यात राहिल्या. आणि १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं पाया पडून विनवलं, मुलीनं ऐकलं नाही. चितेपाशी दोघा जणांनी बाईंचे हात धरून ठेवले होते आणि त्या स्वतःचेच हात चावत होत्या, असं माल्कम लिहितो. स्वतः अहिल्याबाई १७५४ मध्ये सती निघाल्या होत्या आणि सासऱ्यांनी अडवलं होतं. सासऱ्यांचा शब्द चालला. माळव्याची सत्ताधीश असलेल्या आईचा चालला नाही. खासगी होती, फौज होती, पेशव्यांची मान्यता होती, आणि तरीही एका रेषेच्या पलीकडे त्यांचं काही चालत नव्हतं. राण्यांच्या सत्तेबद्दल कुणी मोठमोठं बोलायला लागलं की मला नर्मदेचा तो काठ आठवतो. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, त्याही गेल्या.

त्यांच्यानंतरच्या होळकर बायकांबद्दल महेश्वरात फारसं कुणी बोलत नाही. किल्ल्यातलं अहिल्येश्वराचं सुंदर देऊळ लोक बाईंनीच बांधलं असं समजून पाहतात. ते त्यांच्या स्मरणार्थ पुढे कृष्णाबाई होळकरांनी पुरं करवलं. तुळसाबाईंनी अल्पवयीन राजाच्या नावानं कारभार पाहिला आणि १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर त्यांच्याच सरदारांनी त्यांना मारलं. त्याच लढाईत भीमाबाई होळकर घोड्यावर बसून लढल्या. साडीबरोबर माहितीची एक चिठ्ठी देतात त्यावर या तिघींना चार ओळी सहज मावतील.

विणकामही मधल्या काळात खूप खचलं होतं. संस्थान गेलं, आहेर गेला, गिरणीचं कापड आलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली, महेश्वरच्या बायकांना मागावर बसवलं, आणि तिथून गावानं पुन्हा उभारी धरली. आज गावात माग जागोजागी ऐकू येतात.

मी ज्या घरातून साडी घेतली तिथे पाटी नाही. बाजारातून घाटाकडे उतरताना गल्लीत आवाज ऐकला आणि आत डोकावले. अशी घरं बरीच आहेत, त्यामुळे अमुकच घर शोधा असं सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या खोलीत दोन माग, त्यातला एक खड्ड्यातला. मागावर सून बसली होती, अम्मा कांड्या भरत होत्या, मुलगा रंगाचं बघत होता. साड्या दाखवताना त्यांनी ढीग उपसला नाही. विचारलं, कशासाठी हवी, कोण नेसणार, उंची किती. मग पाच-सहाच काढल्या. मी वांगी रंगाची, चटई काठाची निवडली. भाव त्यांनी पाच सांगितला, साडेचारला झाला. पण खरं म्हणजे घासाघीस करण्यासारखं तिथे काही नाही. सूत, रेशीम आणि जर यांचा खर्च, वर विणायला लागणारे दिवस, एवढं जरी मोजलं तरी पाचही वाजवी होते. पुढच्या वेळी मी सांगतील तो भाव देणार आहे.

पैसे देताना भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव सुनेचं आलं. मी विचारलं, खातं तुझ्या नावावर? म्हणाली, "विणते मी, तर येतातही माझ्याच खात्यात. सूत मीच मागवते. हे फक्त रंगाचं बघतात." अम्मा हसल्या. याआधी मी ज्या घरांत गेले होते तिथे बाई मागावर आणि पैसे बाप्याच्या हातात, असंच पाहिलं होतं. बिलावर तिनं स्वतःची सही केली आणि साडीच्या टोकाला शिवलेल्या चिठ्ठीवर विणणारीचं नाव लिहून दिलं. ही पद्धत प्रत्येक घरानं, प्रत्येक दुकानानं आणि खोक्यावर देवीचं चित्र छापणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं घ्यावी असं मला अगदी मनापासून वाटतं. बाईंचं नाव लावून धंदा करायचा तर बाईच्या नावावर पैसे जायला हवेत. तुम्ही खरेदीला जाल तेव्हा विचारा, कुणी विणली आणि पैसे कुणाला जाणार. विचारल्यानं कुणी रागावत नाही.

फसवणुकीबद्दल सावध करते. माझ्या नणंदेला एका मोठ्या शहरातल्या, झगमगत्या दुकानात यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली. किंमत माझ्या साडीपेक्षा जास्त. एका पावसाळ्यात काठ चुरमडला. पारख अशी करा. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही कडांना बारीक टोचल्याच्या खुणा असतात, विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या. काठाची उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ हवी. विणीत कुठेतरी एखादी किंचित असमान रेघ सापडते, यंत्रावर सगळं एकसारखं येतं. हातमागाचं चिन्ह असलेली चिठ्ठी मागा. आणि दोन हजारांच्या खाली कुणी रेशीम-सुती हातमागाची साडी देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

उणिवा सांगायच्या तर दोन. गडद रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा सुटतो, आणि हे मला घेताना सांगितलं गेलं नाही, मी विचारलं तेव्हा सांगितलं. एक तारा कापावा इतकं ते मोठं नाही, पण न विचारता सांगायला हवं. दुसरं, काठातली जर. बहुतेक ठिकाणी वापरतात ती खरी चांदीची नसते, आणि दमट हवेत काळवंडते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी बिनजरीची, नुसत्या रंगीत धाग्याच्या काठाची घ्यावी. मला तर तीच जास्त देखणी वाटते. नारिंगी काठाची अशी एक मी आता सांगून ठेवली आहे, मागावर चढली की सून फोटो पाठवणार आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी धुळे, सेंधवा करत आग्रा रस्त्यानं धामनोदपर्यंत यावं, तिथून महेश्वर जवळच आहे. इंदुराहून साधारण ९० किलोमीटर. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी या, शनिवार-रविवारी घाटावर आणि गल्ल्यांत फार गर्दी असते आणि विणकरांना निवांत बोलायला वेळ मिळत नाही. सकाळी लवकर राजवाड्यातली पूजा आणि बाईंची गादी पाहा, मग किल्ल्याची भिंत, मग साडी. ब्लाउजचं कापड साडीलाच जोडून येतं, वेगळं घ्यावं लागत नाही. नऊवारी हवी असेल तर आधी सांगून विणून घ्यावी लागते, तयार क्वचितच मिळते.

धुणं: पहिली दोन धुणी गार पाण्यात, एकटी, मूठभर मीठ टाकून. साबण सौम्य, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. जरीचा काठ असेल तर इस्त्री उलट बाजूनं आणि मधे सुती कापड ठेवून. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर रेशमाचा ताणा घडीवर तुटतो. स्टार्चची अजिबात गरज नाही.